विमलाचं ॲव्हरेज

रविवार, २ मार्च

लिटरला पंचवीस पूर्णांक सहा! आणि हे माझं नाही, विमलाचं. त्याआधीच्या आठवड्यात मी चालवली तर एकवीस पूर्णांक तीन. रस्ते तेच, टायरमधली हवा तेवढीच, एसी सव्वीसवर. पंपसुद्धा तोच. तिथला केदारी पेट्रोल सोडतो, नळी आपोआप पहिल्यांदा कट झाली की थांबतो आणि विचारतो, "साकु, यजमानरे?" मी म्हणतो, साकु, पुरे. एक थेंब जास्त नको! चौतीस वर्षं बांधकाम खात्यात दुसऱ्यांची मोजमापं तपासली, माझ्या मोजमापात खोट निघायची नाही. म्हणजे खोट माझ्या पायात आहे.

पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकली ही बायको. शिकवली कोणी? मीच!

मंगळवार, ४ मार्च

धारवाडला अंबूताईंकडे जाऊन आलो, म्हणजे विमलाच्या थोरल्या बहिणीकडे. मी शेजारी बसून नुसतं बघत होतो. चप्पल काढून चालवते. नवलूरपाशी बस लांबवर दिसली की हिचा पाय उचललेला. गाडी आपली आपण हळू होते, बॅटरी भरते, इंजिन गप्प. हायब्रिडचं सगळं मर्म यात आहे — आणि मी मात्र शेवटपर्यंत दामटतो, मग कचकन ब्रेक.

"हे कुठं शिकलीस?"

"दूध उतू जायच्या आधी गॅस बारीक करतोच की," म्हणाली.

तरी दोन चुका सांगितल्याच. एक आरशाची, एक हॉर्नची.

गुरुवार, ६ मार्च

आता आठवड्यातून तीनदा अंबूताईंकडे जाणार म्हणते, एकटी. "मी येतो ना!" — "नको." मग अट घातली. ॲव्हरेज बावीसच्या खाली आलं तर मी पुन्हा शेजारी बसणार. "बरं," म्हणाली.

शनिवार, ८ मार्च

एकटी गेली, तीन तासांनी एकटी आली. ओरखडासुद्धा नाही. मी गॅलरीत येरझारा घालून दमलो.

रविवार, १६ मार्च

एकोणीस पूर्णांक चार!! टाकी पुन्हा तपासली, हवा बघितली. सगळं ठीक. विमलाला अजून बोललो नाही.

रविवार, २३ मार्च

अठरा पूर्णांक नऊ. सांगितलं शेवटी — उद्यापासून मी येतो. तिचा चेहरा एवढासा झाला. "एक आठवडा द्या हो," म्हणाली. किल्ली मुठीत घट्ट धरलेली. दिला आठवडा. तिचे डोळे बघून नाही म्हणवेना.

आणि खरं सांगायचं तर मला पटतच नाही. हिच्यासारखी गाडी चालवणारी बाई एवढं वाईट चालवूच शकत नाही!

मंगळवार, २५ मार्च

आधीच सुचायला हवं होतं. दर आठवड्याचे किलोमीटर भागाकारात घातले, पण ते इतके कमी कसे हे बघितलंच नाही. काल मीटरचा आकडा टिपून ठेवला. धारवाडला जाऊन यायला चाळीस किलोमीटर होतात. भरले किती? सहा! अंबूताईंना फोन लावला. "विमी? होळीच्या आधी तुमच्यासंगट आलती, त्यावर तोंड दाखवलं नाही बघा. का हो, बरी आहे न्हवं?" काहीतरी थाप मारून फोन ठेवला.

सहाचे निम्मे तीन. आमच्या विद्यानगरातून तीन किलोमीटरवर काय आहे? उणकलचं तळं.

तिला काही विचारलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

ती निघाली, मागोमाग मी बसनं. तळ्याच्या कडेला झाडाखाली आमची गाडी. काचा बंद. आत विमला एकटीच. मी मागच्या बाजूनं जवळ गेलो.

गात होती!

फोनवर तंबोरा लावलेला, डोळे मिटलेले. गाडी उभी, एसी चालू. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. ते सुरू झालं की ही थांबायची, हात तसाच हवेत. इंजिन बंद झालं की जिथं सोडला होता तिथूनच सूर उचलायची, केसभरही इकडेतिकडे नाही! पेट्रोल कुठं जात होतं ते कळलं.

लग्नाआधी गायची हे ठाऊक होतं. बघायला गेलो तेव्हा गायलीही होती. पुढं संसारात आपोआप सुटलं असं मी धरून चाललो होतो. काय गळा आहे! बंद काचेतूनही अंगावर काटा आला. किती वेळ उभा होतो, घड्याळ बघायचं सुचलं नाही. डोळे भरून आले, इथं लिहायला लाज कसली? तिला न दिसता परत आलो.

रविवार, ३० मार्च, पाडवा

अठरा पूर्णांक दोन. अट रद्द, असं सांगून टाकलं. उणकलला येऊन ऐकलं तेही सांगितलं. म्हटलं, "इतकं सुंदर गातेस! त्या बंद गाडीत कशाला? घरात आपण दोघंच तर असतो. घरी गा ना."

"घरी तुम्ही असता," म्हणाली.