बिनदोरीची जुडी

ला मांसा,
झावळ्यांच्या रविवाराआधीचा मंगळवार

निबाल्दो, लेकरा,

मी ओतिलिया. तुझी आजी. नाव मुद्दाम सांगते, कारण विसरला असशील. ठेंगणी, पुढचा एक दात पडलेली, समुद्राकाठी राहते, तुला नाक पुसायला शिकवलं ती. आठवलं? नसेल तर पुढे वाच, हळूहळू आठवेल. तुझं डोकं लहानपणापासून चाळणीसारखं, त्यात काही टिकत नाही. पण डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. त्याबद्दल नंतर.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही. कोंबड्या अंडी देतात, पण तांबडी दुसऱ्याच कुणाच्या तरी परड्यात जाऊन देते असा मला संशय आहे. लक्ष ठेवून आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बसवाल्या रामिरोकडे देणार आहे, आणि तुझ्याच हातात द्यायचं म्हणून बजावलंय. तो वाटेत उघडेल. रामिरो, उघडलंच असशील तर निदान लाज धर.

लिहायला यास्ना बसली आहे, बेलार्मिनोची मुलगी. तिचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी. पण मघापासून मी जेवढं बोलले तेवढ्या मुंग्या कागदावर दिसत नाहीत.

"कोंबडीचं गाळलंस काय गं?"

"नाही आजी, लिहिलंय."

"वाच बघू."

वाचलं. कोंबडी आहे. बरं.

समुद्राची बातमी अशी, की यंदाही पाणी कोमटच. पाय घातला तरी घोट्यात कळ येत नाही. ला मांसाच्या पाण्याला हे शोभत नाही. खडकावरच्या कोचायुयो शेवाळाच्या त्या जाडजूड वाद्या, लाटेबरोबर बैलाच्या शेपटीसारख्या फटकारणाऱ्या, आता कडेने पांढऱ्या पडतात, बोट लावलं की साबणासारख्या बुळबुळतात आणि गळून जातात. त्या गेल्या की त्यांच्या बुडाशी राहणारे खेकडे जातात, शिंपले जातात, बारकी मासळी जाते. उघडा खडक बघवत नाही बघ. ओळखीच्या माणसाला अचानक टक्कल पडावं तसं होतं. बोलताना बघावं कुठे ते कळत नाही.

राहिला तो आईचा खडक. त्याच्या पलीकडून तळातलं थंड पाणी वर येतं, म्हणून तिथे अजून वीतभर रुंद पानं आहेत. गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून घराघराला कापणीचे खडक वाटले तेव्हा ठरलं होतं, आईचा खडक चिठ्ठीत घालायचा नाही. तो कुणाचाच नाही, त्याला कुणी सुरी लावायची नाही. तिथून बी सुटेल, लाटेबरोबर वाहत जाईल, बाकीच्या खडकांवर रुजेल. तूही होतास त्या सभेला. सगळ्यांत उंच हात तुझा होता, म्हणून माझ्या लक्षात राहिला.

आणि रुजलं रे! उन्हाळा लागला तेव्हा बेलार्मिनो माझ्या दारात येऊन उभा. तो घुम्या माणूस, वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक माझ्यासाठी खर्च केलं: "ओतिलियाबाई, चला, काहीतरी दाखवतो." ओहोटीला हाताला धरून त्याच्या खडकावर घेऊन गेला. अंगठ्याएवढी तपकिरी बाळं. मी बोटाने ओढून पाहिलं. घट्ट चिकटली होती. परतताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो स्वभावाने, आणि मी कधी नव्हे ती.

मग एका सोमवारी उधाणाने काठावर देठ आणून टाकले. आईच्या खडकाचे, समुद्राकडच्या अंगाचे. तोंडं सरळ कापलेली. लाट तोडते ती फाडून तोडते, अशी नीटनेटकी नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. म्हणजे सुरी चालते ती रविवारी दुपारी, सगळं गाव मैदानावर फुटबॉलला ओरडत असतं तेव्हा.

झालं. गाव हवालदार झालं. फुटबॉलला कोण येत नाही? बेलार्मिनो. आईच्या खडकाला लागून खडक कुणाचा? बेलार्मिनोचा. घरावर नवे पत्रे कुणाच्या चढले? बेलार्मिनोच्या. आता पत्र्यांचा विषय पहिल्यांदा कुणी काढला, हे विचारू नकोस. यास्ना, मान खाली घालू नकोस, लिही. पत्र्यांचा विषय मीच काढला. पत्रे यास्नाच्या पगारातले, हे मला नंतर कळलं, पण तोपर्यंत गोष्ट माझ्या तोंडातून सुटून चार गल्ल्या फिरून आली होती.

येत्या रविवारी चिठ्ठ्या आहेत. बेलार्मिनोचं नाव काढून टाकायचं असं सगळे म्हणतात. एकदा काढलं की पाच वर्षं त्या घराला खडक नाही. आणि मी रात्रंदिवस एकच विचारते आहे: ज्याच्या खडकावर बाळं आली तो आईचा गळा कसा कापील?

गेल्या आठवड्यात शेजारची एर्मिंदा रांकाग्वाला डोळे दाखवायला गेली होती. होय, तुझ्याच शहरात. बाजारातून कोचायुयोची एक जुडी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर आपटली.

"बघ ही रुंदी! आईच्या खडकाशिवाय आहेत का कुठे असली पानं? हीच ठेवते सभेपुढे."

"विकत होतं कोण?"

"होता कुणीतरी तरणा, टोपी नाकापर्यंत ओढलेला. मला कुठे दिसतंय, डोळ्यांत औषध घातलेलं."

मी म्हटलं, "ठेव माझ्याकडे. सांभाळते." ती गेल्यावर मी जुडी सोडली, भिजत घातली, बटाटे आणि भोपळा टाकून शिजवली आणि खाल्ली. सगळी. रात्री पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी एर्मिंदा आली. "अगं, पुरावा कुठाय?"

"पुरावा मऊ शिजला होता."

"ओतिलिया, चळलीस तू!"

मी तसंच समजू दिलं. चळलेल्या म्हातारीला फार प्रश्न विचारत नाहीत.

आता यास्ना विचारते, "आजी, का खाल्लीत?" तू लिही गं. तिथेच निघाले आहे, फक्त गुडघा दुखतो म्हणून हळू चालते.

त्या जुडीला दोरी नव्हती, निबाल्दो. इथलं प्रत्येक घर जुडीला दोरी बांधतं. माझी आई दोरीच्या बाबतीत महाकंजूष. ती पानाचंच शेपूट दोनदा फिरवून खालून आत खोचायची. जुडी गाढवाच्या पाठीवरून दगडावर पडली तरी सुटायची नाही. ती घडी मी तिच्याकडून उचलली. तुझ्या आईला कधी जमली नाही, ती आपली दोरी शोधत बसायची. मी ती आणखी एकालाच शिकवली. माझ्या मांडीवर बसून, जीभ बाहेर काढून शिकला होता. जमली तेव्हा घरभर नाचला होता.

यास्नाचं पेन थांबलंय.

"आजी, माझ्या बाबांना दोन आठवडे कुणी साधा नमस्कार केला नाही. पाववालीनेसुद्धा."

"माहीत आहे."

"तुम्हीही नाही केलात."

"तेही लिही."

लिहिलं. या खेपेला वाचून दाखव म्हटलं नाही मी.

तू म्हणशील, आजीला दुसरं कुणी मिळालं नाही का लिहायला? मिळत होतं. शाळेतल्या बाई तयार होत्या. पण माझा कोंबडीवर संशय, रामिरोवर संशय, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. जी बाई पुरावा बटाट्यांत घालून खाते, ती रविवारी भर सभेत तोंड उघडेल याची खात्री काय? नातू म्हटलं की माझ्या जिभेला लकवा मारतो. म्हणून ज्या घरावर आळ आला त्याच घरच्या पोरीला समोर बसवलं. आता शब्द तिच्या कानात गेलेत. मला परत गिळता येणार नाहीत.

ती आज घरी गेल्यावर बापाला सांगणार आहे. मी म्हटलं, सांग. बाकीच्यांना तू सांगायचं, निबाल्दो. रविवारी, चिठ्ठ्या टोपीत पडायच्या आधी, उभं राहून. तू आला नाहीस तर मी सांगेन, आणि यास्ना माझ्या शेजारी बसेल. आपल्या घराची चिठ्ठी पाच वर्षं निघणार नाही. निघूच नये. तोवर मी असेन की नाही कोण जाणे; पण आईचा खडक असला पाहिजे.

का केलंस ते मी विचारत नाही. कारणं तू फार गोड सांगतोस, म्हणूनच विचारत नाही.

एकच गोष्ट पोटात सलते, त्या कोचायुयोपेक्षाही जास्त. मी म्हणत होते, पोर आजीला विसरलं. आणि तू रविवारी येत होतास. खडकाकडची वाट माझ्या दारावरूनच जाते रे. मी मैदानावर असायचे खरी, पण दार उघडं असतं, आणि किटलीत पाणी असतं. एकदा तरी थांबायचंस. चोर म्हणून आलास तरी कपभर माते चहा पाजला असता.

इथे माझा अंगठा. यास्ना म्हणते शाई सांडली. सांडू दे.

तुझी, अजून तरी तुझीच,
आजी ओतिलिया

ता. क. येताना भाजक्या गव्हाचं पीठ आण, ताज्या भाजणीचं. मागच्या वेळेसारखं खवट आणलंस तर कोंबड्यांना घालीन. दोन पुडे कर. एक माझा, दुसरा बेलार्मिनोच्या घरी तू स्वतः नेऊन दे, पुढच्या दाराने. आणि दोन्ही दोरीने बांध. आपल्या घरची घडी सध्या वापरू नकोस.