बाबांचं मेण लावलेलं काडतूस

आचरा, रविवार, १२ ऑक्टोबर १९८६

भात पिकलंय, रानडुकरं रोज शेतात उतरतायत. म्हणून आज संध्याकाळी भाऊने आणि मी केळीचा खांब उभा करून दोन काडतुसं ताडून पाहिली. एक कोल्हापूरहून आणलेलं नवं. दुसरं बाबांनी हाताने भरलेलं, तोंडावर मेण आणि मेणावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा.

नव्याचे छरे आरपार गेले. बाबांचे सालातच अडकले, नखाने निघाले. भाऊ हसला, "म्हणानच बाबांच्या हातसून कधी डुकर पडलो नाय." मीही हसलो. का हसलो?

घरी आईला सांगितलं. सुपातले खडे वेचत ती म्हणाली, "ते काडतुसात दारू अर्धीच घालीत. डुकरीण पिलांका घेवन येता, नुसती भियाली तरी पुरे, म्हणत."

गावाने बाबांच्या नेमाची आयुष्यभर थट्टा केली. त्यांनी ऐकून घेतलं. आम्हाला मात्र त्यांची लाज वाटायची.

डब्यात आता त्यांचं एकच उरलंय. त्या ठशावर मी माझा अंगठा ठेवून पाहिला. तंतोतंत बसला नाही.

उद्या राखणीची पाळी माझी. भाऊने नवी काढून ठेवलीत. मी हेच भरणार.