ह्यांनी मला ग्रुपमधून काढलं त्याबद्दल

चेरीताल, जबलपूर
मंगळवार, दुपारची वेळ

तीर्थरूप दादा,

विनताचा तुला आणि वहिनींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी शुगर तपासली की अजून ‘सोमवारपासून’ चालू आहे? इथे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पण खुशाल एकटे हेच आहेत, आणि माझं रक्त आटवून राहिले आहेत. फोनच करणार होते. पण तुला हल्ली ऐकू कमी येतं, ही गोष्ट ओरडून सांगितली तर चेरीतालभर होईल, आणि न ओरडता मला ती सांगता येणार नाही. म्हणून कागद.

मुद्द्याचं पहिले सांगते. ह्यांनी मला काढलं. घरातून नाही (घर माझ्या नावावर आहे), ग्रुपमधून. गुरुवारी सकाळी, माझ्या समोर बसून, मी केलेला उपमा खात खात, डाव्या हाताच्या अंगठ्याने काढलं. माझ्या फोनवर आलं, ‘श्रीपाद यांनी तुम्हाला काढून टाकले’. दादा, एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी ‘अगं जरा सरक’ म्हटलं नाही, आणि आता एकदम काढून टाकले! वर शेंगदाणे कमी पडले म्हणून डबा मागितला. मी डबा दिला नाही.

आता हा ग्रुप कोणता ते ऐक. तुला माहीत आहे, हे खमरियाच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं तपासणी विभागात होते. केसाएवढी चूक दिसली की अख्खा माल परत पाठवायचे. रिटायर झाल्यावर ह्यांच्यापुढे तपासायला कोणी काही आणेना, तेव्हा पोळ्यांचा गोलपणा, दूधवाल्याचं माप आणि माझं बोलणं यांची तपासणी सुरू झाली. अशात चैत्रात आमच्या इथल्या मराठी मंडळात योगेंद्र उगवला. हा योगेंद्र माझाच विद्यार्थी, नववी ‘ब’. सरळ व्याजाचं गणित दिलं की पाणी प्यायला जायचा आणि तास संपल्यावर परत यायचा. आता मोठा झाला, कोट घालतो, बुलेटवर फिरतो, आणि लोकांना पैसे कसे वाढवायचे ते शिकवतो. भर हॉलमध्ये माझ्या पाया पडला आणि माइकवर म्हणाला, “मी जो काही आहे तो विनता मॅडममुळे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. (मीही जरा हसले असेन. कोणी पाया पडलं तर तोंड पाडून थोडंच उभं राहता येतं?)

त्याने आणलं होतं ‘आपुलकी कॉइन’. म्हणजे नाणं, पण हातात न येणारं, फोनमध्ये राहणारं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं स्वतःचं क्रिप्टो, असं त्याचं वर्णन. आज घ्या, जितके मराठी लोक घेतील तितका भाव चढेल, कोणाला फसवता येणार नाही कारण सगळं ब्लॉकचेनवर आहे. आपुलकी विकत मिळते आणि तीही ठोक भावात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मंडळातल्या एकशे सत्तर लोकांचा ग्रुप झाला, आणि ‘इतकी बारीक नजर कोणाची आहे?’ म्हणून योगेंद्रने ह्यांना मॉडरेटर केलं. बस! फॅक्टरीने घड्याळ दिलं तेव्हा झाला नव्हता इतका आनंद ह्यांना झाला. रोज सकाळी सहाला चष्मा लावून ‘कम्युनिटी न्यूज’ टाकायला लागले. आज अमुक जण जुळले, आज भाव इतका चढला, आज दुबईत कोणीतरी आपल्याबद्दल चांगलं बोललं. वाईट बातमी टाकायची नाही असा नियम होता. मी विचारलं, भाव उतरला तर काय टाकाल? तर म्हणे, “उतरत नाही तो. विश्रांती घेतो.”

आणि रविवारी चार ते पाच ‘क्वेश्चन अवर’. दादा, मी तीस वर्षं वर्गात प्रश्न ऐकले, पण असे प्रश्न नाही ऐकले. एकीने विचारलं, लक्ष्मीपूजनाला हा कॉइन ताटात कसा ठेवायचा. (ह्यांचं उत्तर: फोनच ठेवा, पण चार्ज करून.) एकाने विचारलं, सुतकात व्यवहार चालतो का. आमच्या खालच्या पुष्पाकाकूंनी विचारलं की ही ब्लॉकचेन किती तोळ्यांची आहे आणि मोडायला गेलं तर घट किती धरतात. पुष्पाकाकू अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या, त्यांचे यजमान ह्यांच्याच विभागात होते. सगळे त्यांच्यावर हसले. मी नाही हसले, कारण एवढ्या लोकांत मोडायचं कसं हे विचारणारी ती एकटी बाई होती. त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले वीस हजार त्यात घातले होते. काहून घातले, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “श्रीपादभाऊ आहेत ना त्यात. ते वाईट माल पास करत नाहीत.” हे मी ह्यांना सांगितलं. हे बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालून राहिले. पाऊस पडत होता.

म्हणून मी गुरुवारी ग्रुपवर तीन प्रश्न टाकले. अगदी सभ्य भाषेत, क्रमांक घालून. एक, आपल्या एकशे सत्तर लोकांशिवाय हा कॉइन कोण घेतो? दोन, सगळे घेणारेच असतील तर विकायचा कोणाला? तीन, एखाद्याला आपले पैसे आज परत हवे असतील तर त्याने नेमकं काय करायचं? (केवळ अभ्यास म्हणून विचारलं. माझा त्यात काय संबंध?) यात उर्मट काय आहे, तूच सांग. एक मिनिट झालं नसेल, तिन्ही प्रश्न पुसले गेले आणि मागोमाग मीही. ब्लॉकचेनवर म्हणे लिहिलेलं कोणालाच पुसता येत नाही! माझं मात्र एका अंगठ्यात पुसलं. मी विचारलं, काहून काढलं? तर उपम्याकडे बघत म्हणतात, “ग्रुपचे नियम आहेत.” माझ्या शाळेत शिपायाने सुद्धा मला गप्प केलं नाही कधी.

तेव्हा ग्रुप नाही तर हॉल सही, असं ठरवून रविवारी मी सभेला गेले. पहिल्या रांगेत बसले. योगेंद्रने समजावलं की समजा या हॉलमध्ये प्रत्येकाकडे एकेक वही आहे, एकाने व्यवहार केला की सगळ्यांच्या वहीत तो लिहिला जातो, मग खोटेपणा करणार कसा? दादा, खरं सांगू? चांगलं समजावलं त्याने. नववीत असा बोलला असता तर मी पुढे ढकलला असता. मी उभी राहिले, म्हटलं, शाब्बास, कळलं. आता ती वही दाखव. तर म्हणाला, “मॅडम, आज सर्व्हर का मेंटेनन्स चल रहा है.” मी म्हटलं, एकशे सत्तर वह्या आहेत ना? एकीचं मेंटेनन्स असेल, बाकीच्या दाखव. मागून कोणीतरी म्हणालं, “दीदी, निगेटिव मत बोलिए, भाव पर असर पड़ता है.” म्हणजे माझ्या तोंडाने भाव पडतो! ज्याचा भाव एका म्हातारीने तोंड उघडल्याने पडतो त्यात तुम्ही मुलींच्या लग्नाचे पैसे घालून राहिले, असं मी म्हटलं, आणि जरा जोरात म्हटलं.

मग पुष्पाकाकू उठल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे, माझे वीस हजार द्या. योगेंद्र म्हणाला, दिवाळीपर्यंत लॉक-इन आहे, कुलूप कंपनीचं आहे, माझ्या हातात नाही. मी म्हटलं, पैसे घेताना हात कोणाचे होते? तो माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागला (काय ते महत्त्वाचं नाही), तेवढ्यात ह्यांनी, माझ्या सख्ख्या नवऱ्याने, माइक हिसकावून ‘चहा तयार आहे, गरम आहे, सर्वांनी बाहेर चलावं’ असं जाहीर केलं. चहा तयार नव्हता! दूधही आलं नव्हतं! बाई म्हातारीसाठी भांडून राहिली आहे आणि हा माणूस चहा वाटतो आहे. त्या क्षणी मला ह्यांची इतकी लाज वाटली की काय सांगू.

लोक चहाच्या शोधात बाहेर पडले तसा योगेंद्रही सटकला. बुलेटला किल्ली लावून हेल्मेट घालत होता. मी किल्ली काढून घेतली. विचार वगैरे काही केला नाही, वर्गात मुलांच्या हातातले भोवरे घ्यायचे तशी घेतली आणि पर्समध्ये टाकली. म्हटलं, काकूंचे पैसे, मग किल्ली. तो हसला, मग हिंदीत रागावला, मग वर कोणाला तरी फोन लावला. कोणी उचलेना. चार वेळा लावला. चौथ्या वेळी त्याचा चेहरा बदलला, दादा. नववीत फळ्याजवळ उभं केल्यावर व्हायचा तस्साच झाला. तेव्हा मला कळलं की याला सुद्धा वरच्यांनी काही सांगितलेलं नाही, आणि मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. मी म्हटलं, ते उचलत नसतील तर तू दे. तुझ्या हातात दिले होते काकूंनी. दहा मिनिटं उन्हात उभे होतो आम्ही. शेवटी त्याने स्वतःच्या खात्यातून काकूंच्या फोनवर वीस हजार पाठवले. मी बँकेचा मेसेज मोठ्याने वाचला, काकूंना दाखवला आणि किल्ली दिली. तो निघताना पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

यानंतर मंडळाने माझा सत्कार करायला हवा होता. झालं उलटं. पाहुण्याची किल्ली काढून घेतली, संस्कार राहिले नाहीत, भाव पडला तर जबाबदार विनताताई, असं सगळीकडे चालू आहे. त्यातले निम्मे माझ्याच हाताखाली शिकले आहेत. तेव्हाच नापास करायला हवे होते. सोमवारी योगेंद्रचा फोन बंद झाला, तर तोही म्हणे माझ्यामुळे. आणि हे? सकाळी सहाला उठतात, चष्मा लावतात, फोनकडे बघतात आणि परत ठेवून देतात. मी बोलणं टाकलं आहे. मीठ हवं असेल तर पुष्पाकाकूंमार्फत निरोप येतो. तू ह्यांचा मोठा मेहुणा आहेस, तुझा शब्द हे पाडत नाहीत. एक कडक पत्र लिही. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचे तीन प्रश्न पुसावे, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

वहिनींना सांग, संत्री पाठवू नका, मन लागत नाही. (पाठवलीच तर लहान पाठवा, गोड असतात.)

तुझी संतापलेली बहीण,
विनता

ता. क. पत्र घट्ट चिकटवून दाराजवळ ठेवते आहे. हे दुधाला जाताना पोस्टावरूनच जातात. न बोलता तेवढं काम होईल.

ता. ता. क. दादा, तुझा अनुपम पुण्याला कॉम्प्युटरमध्ये हेच करतो ना? त्याला फक्त एवढं विचार की आपुलकीतून पैसे बाहेर निघू शकतात का. चाळीस हजार आहेत. माझे. माझ्या पेन्शनच्या थकबाकीचे, ह्यांना माहीत नसलेले. चैत्रातच घातले होते, तो पाया पडला त्याच संध्याकाळी. तीस वर्षांत एकही विद्यार्थी परत येऊन म्हणाला नव्हता की मॅडम, तुमचं गणित कामी आलं. रविवारी किल्ली माझ्या पर्समध्ये असताना मी माझेही मागू शकले असते. सगळे बघत होते, म्हणून नाही मागितले. ह्यांना मात्र यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

---

रत्नाकरराव, सा. नमस्कार. मागची बाजू कोरी होती म्हणून मी, श्रीपाद, इथे लिहितो आहे. पाकिटावर हिने रागाच्या भरात नागपूरच्या पत्त्याखाली जबलपूरचा पिन लिहिला होता. तपासल्याशिवाय काही बाहेर सोडायची मला सवय नाही. पिन सुधारायला घेतला, तर पाकीट सुटलं. वाचायला नको होतं, वाचलं.

गेल्या बुधवारी योगेंद्रने मला पैसे घातलेल्यांची यादी पाठवली. मॉडरेटरला ती असते. त्यात हिचं नाव होतं. गुरुवारी हिने तिसरा प्रश्न टाकला आणि लगेच खाली ‘योगेंद्र टाइप करत आहे’ असं दिसायला लागलं. तो काय लिहिणार ते मला ठाऊक होतं: मॅडम, तुमचे चाळीस हजार सुरक्षित आहेत. एकशे सत्तर लोकांनी वाचलं असतं. म्हणून प्रश्न पुसले. ही पुन्हा टाकणार हे नक्की, म्हणून हिलाही काढलं. सभेतही तो तेच बोलायला वळला होता. दूध आलं नव्हतं हे खरं आहे.

मी स्वतः एक रुपयाही घातला नव्हता. घातला नाही, कारण मला ते कळलंच नव्हतं. आणि कळलं नाही हे मॉडरेटरने सांगायचं कोणाला? पुष्पावहिनी माझ्या नावावर गेल्या, हे मला झोपू देत नाही. काल मी ग्रुपवर ‘माल सदोष आहे, कोणीही घेऊ नये’ अशी बातमी टाकली. मग मंडळवाल्यांनी मलाही काढलं.

सोबत अनुपमच्या नावाने चाळीस हजारांचा चेक आहे. त्याने रक्कम हिच्या खात्यात पाठवावी आणि फोन करून सांगावं की निघाले. कसे निघाले हे ती विचारणारच, आणि नुसत्या उत्तराने तिचं समाधान होत नाही. त्याने दोन-चार पायऱ्या आधी लिहून ठेवाव्यात. कडक पत्रही अवश्य पाठवा, मी तिच्यासमोर वाचेन. पैसे गेल्याचं मला कळलं आहे, एवढं मात्र तिला कळू देऊ नका. ते ती जन्मात विसरायची नाही. ग्रुपमधून काढल्याचा राग असू द्या. तो मला चालतो.

आपला,
श्रीपाद