प्रत्यक्ष पाहणी केली

४ मार्च

चि. भोपळ्यास ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करून सुटतोस, म्हणून हे कागदावर. काल कचेरीच्या भिंतीवर यादी लागली. सौर प्रकल्पासाठी योग्य जागा, क्रमांक पहिला : आपल्या घरामागचा उतार. शंभरपैकी एक्याण्णव गुण. एवढे तुला शाळेत कधी पडले नाहीत. पुढे लिहिलंय, जमीन ओसाड, वापर नाही, प्रत्यक्ष पाहणी केली. खाली तुझी सही.

वापर नाही? मग माझ्या मधमाश्यांच्या बेचाळीस पेट्या तिथे काय ऊन खात बसल्यात? सहा आठवडे तिथली झुडपं फुलतात आणि त्यावर माझं वर्ष निघतं. जमीन सरकारी आहे, माझ्या नावावर काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण पेट्या तुला ठाऊक होत्या ना? सख्ख्या भावानं मला नकाशावरून पुसलं. हरकतींची सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे. आईचा गुडघा बरा आहे, तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

माया आहेच, पण सध्या ती रागाच्या खाली दबली आहे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मीही पेटलो. जागा मी मनानं ठरवत नाही. ऊन किती, उतार किती, रस्ता आणि वीज उपकेंद्र किती लांब, मध्ये वस्ती किंवा जंगल येतं का, असे नकाशे एकावर एक ठेवले की गुण निघतात. उपग्रहाच्या चित्रात तो उतार तपकिरी आहे. चित्र कोरड्या महिन्यातलं, त्याला मी काय करू?

सगळ्यांना घरात दिवा हवा, धुराडं नको, आणि पॅनेल लावायची ती दुसऱ्याच्या दारात. तूही त्यातलीच निघालीस. पेट्या उचलून दुसरीकडे ठेवता येतात की. आईच्या गुडघ्याला शेक देत जा.

रागाव हवं तेवढं, लोभ मात्र आटवू नकोस.

तुझा भाऊ

१३ मार्च

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

चोर तो चोर, वर शिरजोर! उपग्रह आभाळात असतो, त्याला मी माफ केलं. सही काही आभाळातून पडलेली नाही. रस्त्यावरचा टपरीवाला सांगत होता, तुझी गाडी त्याच्यासमोर बारा मिनिटं उभी होती, काचा बंद. आतूनच तू दुर्बीण लावलीस, काच वीतभर खाली करून चहा घेतलास आणि गेलास. पेट्या उंचवट्यामागे आहेत, रस्त्यावरून उभ्या जन्मात दिसायच्या नाहीत. घर तिथून हाकेच्या अंतरावर, आई दारात बसलेली, तिलाही भेटला नाहीस.

आणि पेट्या ठेवू कुठे? पलीकडे फुलाचा पत्ता नाही. चहाची बशी आहे का ती, सरकवायला? मी पॅनेलांच्या विरुद्ध नाही, खोट्या सहीच्या विरुद्ध आहे. तू गाडीतून का उतरला नाहीस, एवढंच लिही.

आशीर्वाद आहेत, ते काही मी परत घेत नाही.

ताई

१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. आता खरं लिहितो. मी घाबरलो. पेट्या तिथे असणार हे माहीत होतं म्हणूनच उतरलो नाही, आणि न पाहिलेलं लिहायचं नाही या आमच्या नियमाआड लपलो. नऊ वर्षांचा असताना मधमाशी चावून माझं तोंड सुजलं, त्याला तुम्ही सगळे हसलात. तेव्हा माझा घसाही आवळला होता, श्वास मिळत नव्हता. ते मी कुणाला सांगितलंच नाही. अजून गुणगुण ऐकली की मी आधी काचा वर करतो. जमिनी पाहणारा माणूस माशीला भितो, हे कुठल्या तोंडानं सांगू?

काल साहेबांना लेखी दिलं की पाहणी केली नव्हती, नोंद खोटी आहे, जमीन वापरात आहे. कारणही लिहिलं. साहेब कडाडले. बाहेरचं काम काढून घेतलंय, पुढच्या महिन्यात चौकशी आहे. नक्कल सोबत पाठवतो. आईला कळू देऊ नकोस.

लोभ वाढव असं म्हणायला जीभ रेटत नाही, उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा भाऊ

२९ मार्च

चि. भावास ताईचे अ. उ. आ.

काल सुनावणी झाली. साहेबानं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. माशीच्या भीतीचं आलं तशी सगळी खोली हसली. मी उठून काय बोलले ते मला आठवत नाही. टपरीवाला म्हणतो, बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. उतार यादीतून काढला. आता दुसऱ्या क्रमांकाची जागा, दगडाची जुनी बंद खाण, तिथे पॅनेल लागतील. यावेळी दोन माणसं तिथे पायी फिरून पाहणी करून आली. माझं वर्ष वाचलं.

तरी माझा राग जाईना. पहाटे माश्या बाहेर पडायच्या आत पेट्यांची दारं जाळीनं बंद केली असती, तू तासभर निवांत हिंडला असतास. एक शब्द सांगायचा होतास, असं दिवसभर पुटपुटत होते. मग लक्षात आलं, सांगणार कुणाला? सुजलेलं तोंड पाहून भोपळ्या हे नाव मीच ठेवलं होतं. तू श्वासासाठी धडपडत होतास आणि मी पोट धरून हसत होते. नंतर तीस वर्षं त्याच नावानं हाका मारल्या. कालच्या लोकांवर मी ओरडले, पण हसायला सुरुवात माझी होती.

डॉक्टरकडे जा आणि घशाचं सांग, उद्याच. आईला मी सगळं सांगितलं. चौकशीला आम्ही दोघी येतोय, ती गुडघ्यासकट.

लोभ तर आहेच. तुझा माझ्यावर राहावा, एवढं मागते.

ताई