गाडी उचलून नेऊ नये

मी, पूर्णिमा आबासाहेब दळवी, वय चौपन्न, धंदा वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करणे, राहणार नगरा, झाशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लाज मात्र आहे, आणि तिच्यामुळेच हा कागद लिहावा लागतो आहे.

१. नगऱ्यातले घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी चि. शिवांगी हिला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तोही तिलाच.

२. धाकटा भाऊ चि. मकरंद याला आमच्या अँबेसेडरचा हॉर्न काढून द्यावा. स्वतःच्या लग्नात घरची गाडी दारात उभी असताना त्याने सदर बाजारातून परदेशी गाडी भाड्याने आणली. म्हणाला, "ताई, फोटो में अच्छी लगेगी ना." आमचे वडील आबासाहेब वरातीमागून आपली गाडी चालवत आले, एकदाही हॉर्न न वाजवता. तो शिल्लक राहिलेला आवाज मकरंदचा.

३. आता सदर गाडीविषयी. आबासाहेबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती घेतली. आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या ते घरात कोणी सांगत नाही. म्हणून खंडेनवमीला आबासाहेब पाटावर गाडीचे लोखंडी हँडल मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याला त्याच हँडलने इंजिन फिरवून आम्हांला सीमोल्लंघनाला न्यायचे. "देशातच घडलेलं हत्यार आहे," म्हणायचे. पुढे गाडीचा कारखानाच बंद पडला. देशाने दुसऱ्या गाड्या घेतल्या. आम्ही हँडल मांडत राहिलो.

४. गेल्या आठवड्यात शिवांगीचा नोएडाहून फोन आला. "आई, वो गाडी कटवा देते हैं ना. मोडीत काढल्याचं सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर सूट मिळते." मी क्षणात म्हटले, "कटवा दो. देश का बोझ हलका होगा." ती खळखळून हसली. फोन ठेवला आणि मी जाऊन गाडीत बसले. तेव्हापासून रोज बसते. काल शेजारच्या कमलिनीजींनी काचेवर टकटक केली.

"कहाँ जा रही हो जी?"

"कहीं नहीं."

"तो काँच तो उतार लो, दम घुट जैहै."

जिने जन्मभर हळव्या लोकांची सालटी काढली, तिला बंद गाडीत पदराने डोळे पुसताना पकडले. याहून मोठी नाचक्की मला लिहूनही सुचली नसती. गाडीवर जीव आहे याची लाज वाटली, आणि पोटच्या पोरीला ते सांगता आले नाही याची त्याहून जास्त.

५. माझ्या पश्चात शिवांगीने गाडी खुशाल मोडीत काढावी, सूट घ्यावी. अट एकच. क्रेन बोलावू नये. मेलेल्या जनावरासारखी लटकवून ती शहराच्या जुन्या वेशीसमोरून, लक्ष्मी गेटसमोरून नेऊ नये. चोक ओढून, हँडल फिरवून शिवांगीने स्वतः सुरू करावी आणि स्वतः चालवत न्यावी. येत नसेल तर या दसऱ्याला येऊन शिकून घ्यावे. शिकवणारी अजून जिवंत आहे. हँडल मोडीत देऊ नये. नोएडात पाट नसेल तर इथला घेऊन जावा.

६. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. फोनवर केलेला विनोद मात्र या लेखाने रद्द केला आहे. मी आहे तोवर गाडीला कोणी हात लावू नये.

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली:

कमलिनी श्रीवास्तव, शेजारीण, शेजारच्या सीटवर
मधु कुशवाहा, शेजारीण, मागच्या सीटवर

सही: पूर्णिमा आबासाहेब दळवी
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५
ठिकाण: नगरा, झाशी. अँबेसेडरच्या चालकाच्या सीटवर, काच उतरवून.