रात्री नऊची गोळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खरोखरच. खुर्चीत बसलो की डोळा लागतो, म्हणून जमिनीवर पालथा पडून लिहितोय.) तुझे गुडघे काय म्हणतात? मी कसा आहे ते विचारू नकोस, नुसतं ऐक.

विमानप्रवासाने झोपेचं खोबरं होतं म्हणून निघताना तू मेलाटोनिनची बाटली माझ्या हातात कोंबलीस आणि बजावलंस, रात्री नऊ म्हणजे नऊ, एक गोळी. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला तू वेळ पाळायला सांगतेस! चार दिवस नवाच्या ठोक्याला घेतोय. (बाहेर लख्ख ऊन असतं, पण इथे उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो असं विमानात शेजारचा म्हणाला होता.) एवढं करून रात्री टक्क जागा आणि दिवसा नुसता ओंडका. त्यात भिंतीवरचं घड्याळ अडीच तास पुढे दिसलं, तेही धंद्याच्या सवयीने माझ्या मनगटाबरोबर लावून दिलं. नेमकी दुसऱ्या दिवशी जावईबापूंची बस चुकली. (घड्याळ मी लावलं हे बोललो नाही. केलेलं काम सांगत सुटू नये.)

पण काल कहर झाला. मी इथे आलो कशाला? नात सांभाळायला. बाळंतपणानंतर लेकीचा कामाचा पहिला दिवस. ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये, नात पाळण्यात, मी शेजारी. गोळी घेतली आणि पाच मिनिटं टेकलो. नातीने टाहो फोडला तरी मी आपला घोरतोय, आणि लेकीच्या साहेबांनी तिकडून विचारलं, घरात कसलं मशीन चालू आहे? आता लेक पाळणाघर शोधतेय. नात परक्यांकडे जाणार असेल तर मी काय इथे भिंती बघत बसू? जीव तुटतो गं. आणि हे सगळं तुझ्या त्या गोळीपायी.

तुझा,
वैतागलेला भाऊ

ता. क. माझं घड्याळ अजून तुमच्याकडचीच वेळ दाखवतंय, हे आत्ता लक्षात आलं. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले सकाळचे साडेअकरा. गोळीची तशी काही चूक नाही.

आणखी एक ता. क. हे लेकीला कळता कामा नये. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यालाच वेळ कळत नाही म्हटल्यावर ती माझ्या हाती बाळ कशाला देईल? तेव्हा तिला फोन करून गोळ्याच खराब निघाल्या असं सांग. मोठी आहेस, घे अंगावर

आत्या, बाबा पेन हातात धरूनच झोपलेत, म्हणून पाकीट मी बंद करतेय. पत्र वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल आम्ही उगाच बदलले. बाबांचं घड्याळ हळूच इथल्या वेळेला लावलंय आणि पाळणाघराला नको म्हणून कळवलंय. तू फोन मात्र नक्की कर, गोळ्या खराब होत्या असंच सांग. मी तुझ्यावर चिडल्यासारखं करीन.