पाणी न पिणारी माती

वूमे,
शनिवार, १३ एप्रिल

लाडक्या सित्सोफे,

मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळंच बरं आहे. नदीला मासे आहेत, मक्याच्या पिठाचं अक्पले रांधते आणि एकटीच गिळते.

तुझ्या लग्नाची तारीख मामाकडून कळली. मामाकडून! असो. राग नाही. म्हणजे थोडा आहे.

एक सांगायचं होतं. तीन वर्षांपूर्वी तुझा रंगीत मातीचा खोका मी नदीत फेकला, असं म्हणाले आणि तू त्याच दुपारी अक्राची गाडी धरलीस. पोरी, मी तो फेकला नव्हता. ‘प्लॅस्टिकचा चिखल’ म्हणाले, वाट्टेल ते बोलले, पण फेकायला हात धजला नाही. पलंगाखाली होता.

दहा दिवसांपूर्वी काढला. माती कसली, वाळका साबण! मी चाळीस वर्षं मडकी घडवणारी. मला एकच ठाऊक. ओलं फडकं गुंडाळलं, पाणी शिंपडलं. पाणी घरंगळून खाली, माती तशीच ठणठणीत. शेजारची पाववाली अकोफा बघत होती.

“मावशी, हिला पाणी नको गं, ऊब हवी. सित्सोफे बारीक चिरून, तेलाचे दोन थेंब लावून मळायची. विसरलीस?”

विसरले कसली! मी कधी पाहिलंच नव्हतं.

चिरली, तेल लावलं, मळली, तर नुसता भुगा. मग पिशवीत घालून मांडीखाली घेतली, अंड्यांवर कोंबडी बसते तशी. रविवारी प्रार्थनेलाही ब्लाउजात खोचून नेली. पास्टरबाबांचं प्रवचन लांबलं, देव त्यांचं भलं करो. घरी येऊन मळते तर काय, लोण्यासारखी! वाकवली, दुमडली, एक चीर नाही. अंगणात एकटीच नाचले बघ, या गुडघ्यांनी.

मग तू करायचीस तसे मणी वळले. पहिले आपल्या मडक्यांसारखे गवताच्या जाळात भाजले. कोळसा झाला, आणि गल्लीभर जळक्या प्लॅस्टिकच्या बादलीसारखी घाण. अकोफा हसून हसून खाली बसली. पुढचे तिच्या भट्टीत, पाव काढल्यानंतरच्या धगीवर भाजले. एकोणतीस धड निघाले, निळे आणि पिवळे.

खरं सांगू? दोन वर्षं झाली, नदीची माती माझ्याच्याने तुडवली जात नाही. कुणाला बोलले नाही. ही मात्र बसल्या जागी मळता येते. आणि मळताना कळलं, तू तासन्‌तास बसायचीस ते खेळणं नव्हतं, काम होतं. चारचौघांत तुला हसले. चुकलंच माझं.

त्या मण्यांची माळ मामाबरोबर पाठवते आहे. लग्नात घाल, नाहीतर नको घालूस. पण मला तू बोलव, तुझ्या तोंडाने. मागच्या बाकावर बसेन. आणि लग्नाची धांदल सरली की एक दिवस समोर बसवून दोन रंग एकत्र कसे मळायचे ते दाखव. माझा सारखा शेणाचा रंग होतोय. रागावलीस तरी चालेल, ऐकून घेईन.

तुझी आई,
आणि या मातीपुरती तुझी सगळ्यात म्हातारी चेली,
अफिवो